मंडईत भेटूया : शहराच्या मध्यावर काय काय करता येईल

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला दिलेला विषय आहे, 'शहराच्या मध्यवर्ती भागात लोकांना आणण्यासाठी कोणते कार्यक्रम घेता येतील?' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नगररचना हा माझा विषय नाही. त्यामुळे सिद्धांत बाजूला ठेवते. काय करायचं, कुठे करायचं आणि कुठे अडतं, एवढंच बोलते.

तुमच्यापैकी काहींच्या मनात पहिला प्रश्न हाच आला असेल की पेठांमध्ये माणसं आणायची गरज काय? लक्ष्मी रोडला शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तुळशीबागेतून बाहेर पडायला अर्धा तास लागतो. गणपतीत तर बोलायलाच नको. हे खरं आहे. पण ही माणसं खरेदीला येतात, पिशवी भरतात आणि जातात. पेठांमध्ये टेकायला बाक नाही, बायकांना स्वच्छतागृह शोधावं लागतं, आणि काही विकत न घेता तासभर थांबावं असं कारण नाही. बाजार म्हणून पेठा भरलेल्या आहेत. शेजार म्हणून त्या रिकाम्या होत चालल्या आहेत.

यात आपला संबंध काय? आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांची घरं भवानी, गंज, रविवार, कसबा या पेठांत होती. वाडे पडले, जागा अपुऱ्या झाल्या, भाडी परवडेनात. 'आपल्या माणसांजवळ राहिलेलं बरं' ही भीतीही होती, आणि दुसरीकडे घर मागायला गेलं की आडनाव ऐकून येणारा नकारही होता. माणसं कोंढव्याला गेली. तिकडे कोथरूड आणि सिंहगड रोड वाढला तो वेगळ्या माणसांचा. आता कोंढव्यात वाढलेली मुलगी आणि कोथरूडमध्ये वाढलेली मुलगी पहिल्यांदा भेटते ती कॉलेजात किंवा थेट कंपनीत. तोवर दोघींनी एकमेकींबद्दल जे ऐकायचं ते मोबाईलवर ऐकलेलं असतं.

दोघींचं म्हणता येईल असं शहरात काय उरतं? 'गावात जाऊन येते' असं आपण म्हणतो, ते गाव. शनिवारवाडा, मंडई, लक्ष्मी रोड. म्हणून त्या भागात आपण कसे दिसतो, कशासाठी दिसतो, याला महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही महिलांनी नमाज पढल्याचा व्हिडिओ फिरला, आणि मग गोमूत्र शिंपडून 'शुद्धीकरण' झालं. संरक्षित वास्तूत काय करावं याचे नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि ते पाळावेत, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. पण एखाद्याच्या वावराने जागा बाटते, ही कल्पना या शहरात नवी नाही. ज्यांच्या विरोधात जोतीराव आणि सावित्रीबाई उभे राहिले, त्यांचीच ती कल्पना. तिला पत्रक काढून उत्तर देता येतं आणि ते द्यावंही. पण माणसांनी दर महिन्याला तिथे येणं, बसणं, एकमेकांना ओळखू लागणं, हे जास्त टिकाऊ उत्तर आहे.

इतर शहरांनी काय केलं ते थोडक्यात सांगते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ठरावीक मोठे रस्ते मोटारींना बंद ठेवायला सुरुवात झाली. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे असतात. गुरुग्रामने नोव्हेंबर २०१३ मध्ये 'राहगिरी' सुरू केली. हैदराबादेत ऑक्टोबर २०२१ मध्ये चारमिनारसमोरचा रस्ता रविवारी संध्याकाळी मोकळा करून 'एक शाम चारमिनार के नाम' सुरू झालं. आणि आपल्याकडे २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा एक भाग वाहनांना बंद असतो आणि मुलं रस्त्याच्या मधोमध खेळतात.

या सगळ्यात मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो. बोगोटाचा रविवार दर आठवड्याला येतो, आपला पादचारी दिन वर्षातून एकदा. वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टीची बातमी होते. सवय लागायला ती पुन्हा पुन्हा यावी लागते. आमच्या क्षेत्रातही ॲप किती जणांनी डाउनलोड केलं या आकड्यावर कुणी फार खूश होत नाही. महिन्याभराने किती जण परत आले, हे विचारतात. आपणही तेच विचारायचं.

आता कार्यक्रम. मी पाच सुचवते.

पहिला, चालण्याचा. सुरुवात मंडई मेट्रो स्टेशनपासून. मंडईच का? २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं उघडली. पिंपरीहून आता थेट मंडईत उतरता येतं. वनाज आणि रामवाडीकडून एक गाडी बदलावी लागते. कोंढव्याहून बसने स्वारगेट, तिथून पुढचंच स्टेशन मंडई. शहराच्या चारही बाजूंनी पार्किंगची कटकट न करता पोहोचता येईल अशी ही जागा आहे.

तिथे पहिली गोष्ट डोळ्यासमोरच उभी आहे. ही मंडई १८८६ ची. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. नगरपालिकेत सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घालवा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. तिथून भिडेवाड्याची जागा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. मोडकळीला आलेली जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली गेली. मग बोहरी आळीतून गंज पेठेत फुलेवाड्यापर्यंत. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव येतं, हे त्या वाड्याच्या दारात उभं राहून सांगायचं. जेवढं कागदावर आहे तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. सत्यशोधकांच्या वाटेवर चालायचं तर एवढी शिस्त हवीच. दुसऱ्या महिन्यात मार्ग बदलायचा : कसबा पेठ, तांबट आळी, कुंभारवाडा, नदीकाठचे दोन्ही शेख सल्ला दर्गे, कसबा गणपती. हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि शनिवारवाड्याच्या आधीपासूनचं पुणं या भागात आहे.

दुसरा, दुरुस्तीचा. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये 'रिपेअर कॅफे' सुरू झाला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकाराशेजारी बसून दुरुस्त करा, पैसे नाहीत. आपल्याला तर जाणकार शोधायलाही लांब जावं लागणार नाही. तपकीर गल्लीत वायर आणि मिक्सरची नस जाणणारे आहेत, तांबट आळीत भांड्यांना ठोके देणारे आहेत, शिलाई मशीन उघडून जोडणाऱ्या बायका आपल्याच वस्त्यांत आहेत. एखाद्या शाळेचा व्हरांडा दोन तास मिळाला तरी पुरे. एका टेबलाच्या अलीकडे कोथरूडच्या आजी इस्त्री घेऊन, पलीकडे मोमीनपुऱ्याचा कारागीर. दोघांना बोलायला विषय द्यावा लागत नाही, इस्त्री असते. इथे एक पथ्य पाळायचं. कारागिराला त्या दोन तासांचं मानधन आपण द्यायचं. त्याचं पोट त्याच कामावर आहे. त्याने फुकट करावं आणि आपण समाजसेवेचे फोटो काढावेत, हे नको.

तिसरा, माणूस वाचण्याचा. कोपनहेगनमध्ये २००० साली ही कल्पना निघाली. पुस्तकाऐवजी माणूस वीस मिनिटांसाठी 'वाचायला' घ्यायचा आणि एरवी विचारता न येणारे प्रश्न विचारायचे. तलाकनंतर कोर्टात उभी राहिलेली बाई, आंतरधर्मीय लग्न केलेलं जोडपं, सफाई कामगार, बुरखा घालणारी वकील, बुरखा सोडलेली शिक्षिका. अप्पा बळवंत चौकाच्या पुस्तकबाजाराजवळ हे करता आलं तर जागाही शोभेल. बोलणाऱ्याला कोणत्याही प्रश्नाला 'नाही सांगणार' म्हणायचा हक्क असेल. रेकॉर्डिंग बंद.

चौथा, वाचनाचा. २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका मंडईत वाचायची. मराठी, हिंदी, उर्दू, तिन्हींत. पाहुणा नको, व्यासपीठ नको. भाजी विकणाऱ्या मावशींनी एक ओळ वाचावी, हमाल दादांनी एक, शाळकरी मुलाने एक. दहा मिनिटांत संपतं आणि खर्च फक्त छपाईचा.

पाचवा कार्यक्रम म्हणजे नुसतं बसणं. हसू नका. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी नेहमी काम दाखवावं लागतं, पुरुषाला लागत नाही, हा त्यांचा मुद्दा. मुसलमान बाईला तर घरच्यांनाही कारण सांगावं लागतं आणि रस्त्यालाही. महिन्यातून एक संध्याकाळ आपण वीस जणी, बुरख्यातल्या, ओढणीतल्या, जीन्समधल्या, मंडईजवळ चहा घेऊन तासभर बसू. घोषणा नाही, फलक नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, 'काही नाही, बसलोय.'

आता नियम. हे नसतील तर वरचं सगळं कागदावर राहील.

वेळ आणि जागा ठरलेली हवी. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेसात, मंडई स्टेशन. पाऊस असो, परीक्षा असो. रमजानमध्ये वेळ बदलू, वार नाही.

खाण्याचा स्टॉल लावायचा नाही. लावला की परवाना, कचरा, आणि शाकाहारी-मांसाहारी वाद आपल्या गळ्यात. शिवाय लोकांना भूक लागली तर ते आजूबाजूच्या दुकानांत जातील आणि व्यापारी आपल्या बाजूने राहतील. लक्ष्मी रोडवर गाड्या बंद म्हटलं की पहिला विरोध दुकानदारांचा येतो. त्यांचा गल्ला बुडत नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

निमंत्रणात जवळच्या स्वच्छतागृहाची आणि पिण्याच्या पाण्याची जागा लिहायची. आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन ते उघडं आहे का बघायचं. वक्त्याच्या नावापेक्षा या एका ओळीने जास्त बायका येतील. चालण्याच्या मार्गावर व्हीलचेअर कुठे अडते तेही आधी बघायचं.

परवानगी मागायला लाजायचं नाही. या भागात फरासखाना, विश्रामबाग, खडक अशी पोलीस ठाणी आहेत. मार्ग ज्यांच्या हद्दीतून जातो त्या प्रत्येकाला पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. लाउडस्पीकर टाळायचा. तीस माणसांना माणसाचा आवाज पुरतो आणि परवानगीचा एक कागदही कमी होतो.

नाव-नंबरांची यादी करायची नाही. माहिती गोळा करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगते : जी माहिती लागत नाही ती घेऊच नये. आपल्या लोकांना आपलं नाव कोणत्या यादीत जातंय याची धास्ती असते आणि ती उगाच नसते. तोंडी तीनच प्रश्न विचारायचे. कुठून आलात, कशाने आलात, याआधी आला होतात का? पाटीवर रेघा ओढायच्या. सहा महिन्यांनी 'हो, आलो होतो' म्हणणारे निम्मे असले, तर आपलं बरं चाललंय असं समजायचं.

आणि शेवटचा नियम. हे कार्यक्रम 'मुस्लिम बांधवांकडून' असे जाहीर करायचे नाहीत. आपण लपायचंही नाही. विचारलं तर चळवळीचं नाव अभिमानाने सांगू. पण सौहार्दाचे सोहळे आपण बरेच पाहिले आहेत. स्टेजवर एक टोपी, एक टिळा, हातात हात, फोटो, आणि पांगापांग. त्यात मुसलमान नेहमी पाहुणा असतो किंवा यजमान असतो. पुणेकर क्वचितच असतो. चालायला आलेल्या माणसाला आधी कळावं की ही बाई तांबट आळीबद्दल खूप जाणते. तिचं नाव मग कळलं तरी चालेल.

'कुणी आलंच नाही तर?' असं मघाशी एकाने विचारलं. पहिल्या वेळी आपणच पंधरा-वीस असू, असं धरून चला. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्याबाहेरचा एक माणूस आणायचा. ऑफिसातला, सोसायटीतला, मुलाच्या शाळेतला. 'आणि कुणी भांडायला आलं तर?' तर आपल्यातल्या दोघांनी बाजूला जाऊन त्यांच्याशी बोलायचं, बाकीच्यांनी चालत राहायचं, आणि हातघाईची वेळ आली तर थांबवून घरी जायचं. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार असतोच.

मला आत्ता तुमच्याकडून चार गोष्टी हव्या आहेत. मार्ग पक्का करायला दोघं, पोलीस ठाण्यांना पत्र द्यायला एक, पेठेतल्या कारागिरांशी बोलायला दोघं, आणि बसायच्या संध्याकाळीसाठी माझ्याबरोबर चार जणी. बैठक संपल्यावर मी दाराशी थांबते, नावं तिथे सांगा. कागदावर लिहिणार नाही, लक्षात ठेवीन.