तोटा कोणाचा?



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने इस्लामी अर्थव्यवहारावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. पण या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आमच्या परिचयाचा आहे. धंदा बुडाला, तर तोटा कोणी सोसायचा?

कर्ज देणाऱ्याला धंद्याच्या बऱ्यावाइटाशी कर्तव्य नसते. माल खपो वा पडून राहो, व्याज चालूच असते. इस्लामी धर्मशास्त्राने हे व्याज, म्हणजे ‘रिबा’, निषिद्ध मानले. व्यापार आणि नफा मात्र मान्य केला. मग भांडवल उभे करायचे कसे? ‘मुदारबा’त एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे श्रम. नफा आधी ठरलेल्या वाट्याने वाटायचा. तोटा आला आणि त्यात श्रम करणाऱ्याची कसूर नसली, तर पैसेवाल्याचा पैसा गेला व श्रमणाऱ्याचे श्रम गेले. ‘मुशारका’त भांडवल सर्वांचे, तोटाही ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. ‘सलम’मध्ये शेतकऱ्यास पिकाची पूर्ण किंमत आगाऊ मिळते आणि माल ठरल्या मुदतीस द्यायचा असतो. ‘इजारा’ हा शब्द तर आपल्या जुन्या दफ्तरांतलाच. येथे त्याचा अर्थ यंत्र किंवा इमारत भाड्याने देणे.

हे केवळ पोथीत राहिले नाही. १९६३ साली इजिप्तमध्ये, नाईलच्या खोऱ्यातील मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतील बचत-बँकांच्या धर्तीवर एक बिनव्याजी बचतपेढी काढली. लहान शेतकरी व कारागीर यांची पुंजी गोळा करून ती स्थानिक धंद्यांत घालावी, हा हेतू. काही वर्षांतच सरकारने ती ताब्यात घेतल्याने प्रयोग संपला. पुढे १९७५ साली जेद्दा येथे इस्लामी विकास बँक सुरू झाली आणि त्याच वर्षी दुबईत व्यापारी इस्लामी बँकही निघाली.

परंतु या बँकांचा फार मोठा व्यवहार ‘मुराबहा’चा असतो. बँक माल विकत घेते आणि ठरीव नफा चढवून गिऱ्हाइकास हप्त्यांनी विकते. समर्थक म्हणतात, पैसा खऱ्या मालाशी बांधलेला राहतो आणि एकदा ठरलेली किंमत पुढे वाढत नाही. हे म्हणणे खोटे नव्हे. पण माल बँकेच्या हाती घटकाभरच राहतो आणि धंदा बसला तरी हप्ता चुकत नाही. नाव बदलले, ओझे मात्र त्याच खांद्यावर राहिले!

आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१७ साली अशा बँकव्यवहाराचा विचार पुढे न नेण्याचे ठरवले. तरीही मुदारबाची कसोटी आपल्याला आजच लावता येईल. पतपेढी असो, बँक असो वा कारखान्याचा मालक असो, त्यास विचारावे: नफ्यात तुमचा वाटा आहे, तसा तोट्यातही आहे काय? उत्तरावरून भागीदार कोण आणि सावकार कोण, हे कळून येईल.