हवा फुकट नसते
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



मुलाला आयटीआयला घालू का, असे पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात लेथ किंवा वायरिंग असते. मी आज कॉम्प्रेसरविषयी बोलणार आहे. पंक्चरवाल्याच्या दुकानापासून मोठ्या गिरणीपर्यंत तो सर्वत्र असतो, पण तो जाणणारा माणूस क्वचित सापडतो. धोट्याचा माग आपल्या घराघरांत परिचयाचा आहे. एअरजेट मागात धोटा नसतो. हवेचा झोतच बाणा ताण्यातून पलीकडे नेतो. अशा शेडमध्ये विजेच्या बिलाचा मोठा वाटा कॉम्प्रेसरचा असतो.

कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहावा हिस्सा अवजाराच्या टोकाशी कामी येतो. बाकीची उष्णता होऊन जाते. त्या हवेने जमीन झाडणे म्हणजे गुलाबपाण्याने अंगण धुणे होय. आणि अंगावरचे कपडे तर तिने कधीच झटकू नका. डोळा जातो, कानाचा पडदा फाटतो. हवा कातडीखाली शिरली तर जिवावर बेतते.

आता गळती. वजू करताना नळ वाहता ठेवू नये हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो, कारण पाणी डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही. ७ बार दाबाच्या नळीला ३ मिलिमीटरचे एक भोक असले, तर सुमारे साडेतीन किलोवॅट वीज, म्हणजे दिवसरात्रीत ८० हून अधिक युनिटे, त्यातून निघून जातात. देखभाल नसलेल्या कारखान्यांत २० ते ३० टक्के हवा अशीच जाते. मग हवा पुरत नाही म्हणून मालक दाब वाढवतो. १ बार दाब वाढला की वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते, आणि गळतीही वाढते!

नळ टाकतानाच थोडी अक्कल खर्च करावी. मुख्य नळ शेडभोवती कड्यासारखा फिरवून जोडला, म्हणजे हवा दोन्हीकडून येते आणि शेवटच्या मागाला दाब कमी पडत नाही. नळाला किंचित उतार द्यावा, सखल जागी पाणी काढण्याची तोटी ठेवावी, फाटे नळाच्या वरच्या अंगाने काढावेत. नाहीतर पाणी यंत्रात शिरते. टाकीतले पाणी रोज सोडावे. कॉम्प्रेसरला हवा बाहेरची, थंड आणि स्वच्छ मिळावी. ती ४ अंशांनी तापली की सुमारे एक टक्का वीज जास्त लागते. बॉयलरशेजारी कॉम्प्रेसर बसवणाऱ्यांना काय म्हणावे!

विद्यार्थी मित्रांनो, गळती मोजायला एक घड्याळ पुरते. सुट्टीच्या दिवशी, आपल्याकडे बहुधा शुक्रवारी, सारी यंत्रे बंद ठेवून नळांत हवा राहू द्या आणि कॉम्प्रेसर चालू करा. तो २ मिनिटे हवा भरतो आणि ६ मिनिटे रिकामा फिरतो असे आढळले, तर ८ पैकी २, म्हणजे २५ टक्के गळती. मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन एकेक सांधा तपासत जा. फुगा आला तिथे खूण करा. हा हिशेब कागदावर लिहून मालकापुढे ठेवा. पगाराचे बोलणे त्यानंतर काढा.