न गळणारी पातळ भिंत

घागर गळू लागली की ती बहुधा कुठून गळते? सांध्यातून. ठोकलेला पत्रा सहसा शाबूत असतो. दोन पत्रे जिथे जोडले, तिथेच पाझर फुटतो. मग सांधाच नसला तर? आज धातूची बिनसांध्याची वस्तू यंत्रावर थराथराने 'छापता' येते. ती कशी, आणि ती गळू नये म्हणून काय सांभाळावे लागते, ते आज पाहू.

रांगोळीहून बारीक अशी धातूची भुकटी एका पाटावर पसरतात. थराची जाडी असते मिलिमीटरचा विसावा-पंचविसावा हिस्सा. त्यावरून लेसरचा प्रखर किरण रेघा ओढतो. रेघेखालची भुकटी वितळते आणि खालच्या थराशी एकजीव होते. मग पाट किंचित खाली सरकतो, वर नवा थर येतो. असे हजारो थर! प्राणवायूने धातू बिघडू नये म्हणून हे काम आरगॉन किंवा नायट्रोजन वायूने भरलेल्या पेटीत चालते.

आपल्या 'इस्रो'ने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन असेच बनवले. आधी त्याला १४ भाग लागत. आता ते एकाच तुकड्यात झाले आणि १९ जोड वाचले. पूर्वी ५६५ किलो धातू लागे, तिथे १३.७ किलो भुकटी पुरली. ९ मे २०२४ रोजी हे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. यात जी दोन द्रव्ये वापरतात, ती एकमेकांना भेटताच पेट घेतात, आणि दोन्ही विषारी! तिथे थेंबभर गळतीही परवडत नाही.

पण मंडळी, सांधा नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका. माठाला कुठे सांधा असतो? तरी तो पाझरतो, कारण त्याच्या अंगात एकमेकांना जोडलेली बारीक छिद्रे असतात. छापलेल्या धातूतही भुकटी नीट वितळली नाही तर पोकळ्या राहतात. एकटी पोकळी गळत नाही. पोकळ्यांची साखळी आरपार गेली की गळते. लेसरची एक रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी रुंद धरा. तिसऱ्या हिश्श्याची भिंत म्हणजे जेमतेम तीन रेघा. एक चुकली तर वाट मोकळी! मिलिमीटरभर जाडी ठेवली तर दहा रेघांची आड मिळते. शिवाय गवंडी जशी विटांची सांधमोड करतो, तशी दर थराला रेघांची दिशा फिरवतात.

आखणी करणाऱ्याने आणखी चार गोष्टी पाहाव्यात. भिंत पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त आडवी कलू देऊ नये. खाली आधार नसला की धातू ओघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. आतली नळी गोल करण्यापेक्षा वर टोक असलेल्या थेंबाच्या आकाराची करावी, म्हणजे आत टेकू लागत नाही. रुंद, सपाट भिंत तापून-निवून वाकते. तिला गोलाई किंवा कणा द्यावा. आणि उरलेली भुकटी बाहेर पडायला वाट ठेवावी.

घासून गुळगुळीत करायचे असेल तर जाडी आधीच वाढवून ठेवावी. नाहीतर कातडीखालची पोकळी उघडी पडते. मोठ्या उष्णतेत वायूच्या दाबाने आतल्या पोकळ्या मिटवता येतात. मात्र पृष्ठभागापर्यंत पोचलेली पोकळी मिटत नाही, कारण दाबणारा वायूच तिच्यात शिरतो. म्हणजे वाईट आखणीला मागाहून औषध नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, सायकलची ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवून मुलांना बुडबुडे दाखवा. कारखान्यातली एक परीक्षा हीच. फार सूक्ष्म गळतीसाठी तिथे हेलियम वायू वापरतात. मग मुलांना विचारा: माठ पाझरला तर पाणी गार होते, इंजिन पाझरले तर काय होईल? उत्तर त्यांचे त्यांनाच शोधू द्या.