सावध पालकत्व
(चिंचणी येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीतला मुलगा संध्याकाळी घरी येतो, दप्तर टाकतो आणि खोलीचे दार लावून घेतो. आई बाहेरून विचारते, "चाचणीत किती मिळाले?" आतून उत्तर येत नाही. वडील तारापूरच्या कारखान्यातील पाळी संपवून रात्री परततात. दिवसभराचा शीण त्यांच्या आवाजात असतो. मग दार उघडते ते भांडणासाठीच. चिंचणी, वाणगाव, बोईसर या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही. 'मुलगा बिघडला' हे अशा वेळचे सर्वांत सोपे निदान असते, आणि बहुधा चुकीचे.

समर्थ रामदासांच्या बालपणीची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. जांबेचा नारायण एकदा कोणास दिसेना. शोधता शोधता तो घरातील अंधाऱ्या अडगळीत सापडला. काय करतोस, असे आईने विचारता आपण विश्वाची चिंता करीत आहोत, असे त्याने सांगितले. या कथेतील उत्तराचा आपल्याला अभिमान वाटतो, प्रश्नाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. राणूबाईंनी मुलाला शोधले, विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. पुढे बाराव्या वर्षी याच नारायणाने 'सावधान' हा शब्द ऐकून लग्नमंडप सोडला. तेव्हा मातेचा आग्रह आणि मुलाचे मन यांत केवढे अंतर पडले होते, तेही दिसले. सावध होण्याची पाळी त्या दिवशी मुलाची होती. आज ती पालकांची आहे.

पौगंडावस्थेत भावनांचा वेग आधी वाढतो; त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. चिडणे, उलट बोलणे, मित्रांचे मत घरच्यांपेक्षा मोलाचे वाटणे यांमागे ही घडण आहे. म्हणून सर्वच 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून देता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुले!

पाश्चात्त्य संशोधकांनी या विषयाला 'माइंडफुल पॅरेंटिंग' असे नाव दिले. २००९ मध्ये लॅरिसा डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अंगे मांडली : पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, मुलाला आणि स्वतःलाही निवाडा न करता स्वीकारणे, दोघांच्या भावना ओळखणे, स्वतःचा क्रोध आवरणे आणि करुणा. यात मुलाला लावण्याची शिस्त कोठेच नाही. सारी साधना पालकाची आहे. असे पालक असलेल्या घरांत मुलांची चिंता, उदासी आणि आक्रमकता कमी आढळते, असे अनेक अभ्यास सांगतात. अर्थात हा परिणाम एकेरी नसतो. मुलाच्या हट्टाने वडील कठोर होतात आणि वडिलांच्या कठोरपणाने मूल अधिक हट्टी होते. हे चक्र कोणी आधी थांबवायचे? ज्याचे वय अधिक, त्याने.

आपल्या या परिसरात दागिन्यांचे पोलादी डाय घडविणारे कुशल कारागीर आहेत. डाय एकदा कोरला की पत्र्यावर तीच नक्षी उमटते. अनेक पालकांच्या मनात असा एक डाय तयार असतो : अभियंता, डॉक्टर, परदेश. मूल पत्रा नसते, एवढे लक्षात राहत नाही.

मुलाकडे पाहून स्वतःला बदलण्याचा धडा जवळच कोसबादच्या टेकडीवर गिरविला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबादला गेले. वनवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखत. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. पाड्यावर अंगणवाडी गेली, गुरांमागे कुरणशाळा गेली. तेथे मूल काय करते आहे, हे आधी पाहिले गेले. काय शिकवायचे, ते मागाहून ठरले.

घरात हे कसे आणावे? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक पाऊल उचलले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद. सुरुवातीला लोक हसले असतील. आपणही हसलो असतो. पण दिवेलागणीची ही वेळ आपल्या आजीने भोंग्यावाचून पाळली होती. चिंचणीत पाळीमुळे सातची वेळ जमत नसेल तर रात्रीचे जेवण धरावे. त्या अर्ध्या तासात गुणांची चौकशी नको, शेजारच्या मुलाचे नाव नको. वडिलांनी आपल्या दिवसातील एखादी फजिती सांगावी. मुलगा पहिले आठ दिवस गप्प बसेल. बसू द्यावे.

आणि पंधरा-वीस दिवस झोप उडाली, भूक गेली, आवडता खेळ सुटला, 'मी नसतो तर बरे' अशी भाषा आली, तर संस्कार कमी पडले म्हणून शरमेने घरात दडवू नये. थेट विचारावे, मुलाला एकटे सोडू नये आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची 'टेलि मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही उपलब्ध आहे. पालकांनाही तेथे स्वतःसाठी बोलता येते.