विश्वप्रसरणाचे मोजमाप

विश्व प्रसरण पावत आहे, हे आता शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. परंतु ते किती वेगाने, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात अनेकदा बदलले. असे का व्हावे?

या मोजणीस दोन राशी लागतात : दीर्घिकेचा वेग आणि तिचे अंतर. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. त्यावरून वेग कळतो. अंतर मात्र दुर्घट. रात्री लांबवर दिसणारा दिवा मुळातच मंद आहे की दूर आहे, हे त्याचे खरे तेज ठाऊक असल्याखेरीज सांगता येत नाही. १९१२ मध्ये हेन्रिएटा लेविट यांनी ही अडचण दूर केली. सेफीड जातीच्या ताऱ्यांचे तेज ठराविक कालावधीने कमीअधिक होते. हा कालावधी जितका मोठा, तितके ताऱ्याचे मूळ तेज अधिक, असे त्यांनी दाखविले. खगोलशास्त्राला मोजपट्टी लाभली.

१९२९ मध्ये एडविन हबल यांनी, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदास सुमारे ५०० किलोमीटर, असा प्रसरणाचा दर काढला. त्यानुसार विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे ठरे. पृथ्वीवरील खडक तर त्याहून जुने निघाले. म्हणजे आईपेक्षा लेक थोरली! १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे सांगितले आणि दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली. हबल यांनी तारे समजून मोजलेले काही ठिपके वायूचे तेजोमेघ होते, असे अ‍ॅलन सँडेज यांना आढळले. १९५८ मध्ये त्यांनी हा दर ७५ वर आणला.

आज सेफीड व अतिनवतारे यांवरून हा दर सुमारे ७३ येतो. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आद्य प्रारणावरून २०१८ मध्ये तो सुमारे ६७ निघाला. ही तफावत दोन्ही मोजण्यांच्या अपेक्षित चुकीपेक्षा मोठी आहे. मोजपट्टीत दोष आहे की सिद्धांतात उणीव, हे ठरायचे आहे.

येथे तिसरा साक्षीदार उपयोगी पडेल. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय तरंगांनी, सेफीडांचा आधार न घेता, अंतर कळविले. दर सुमारे ७० आला. पण एका घटनेवरून निवाडा होत नाही. अशा घटनांची आकाशातील जागा अचूक कळावी, यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा येथील लायगो-इंडिया प्रकल्पाचे साहाय्य होणार आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या उभारणीस मंजुरी दिली.

आकडा चुकला म्हणून हबल यांचे कार्य उणे ठरले नाही. त्यांनी निरीक्षणे आणि रीत दोन्ही खुली ठेवली होती. म्हणूनच पुढच्यांना चूक शोधता आली.