मोर्चाने देशाचे भले होते काय?

श्रोतेहो, परदेशात कुठे लोक रस्त्यावर उतरले, राजवट उलथली, अशी बातमी आली की आपल्या पारावर लगेच दोन तट पडतात. एकजण म्हणतो, "शाबास! असं केल्याशिवाय राज्यकर्ते वठणीवर येत नाहीत." दुसरा म्हणतो, "जाळपोळ करून कुणाचं पोट भरलंय? आधीच देश गरीब, त्यात हे." दोघांचेही बोलणे ऐकताना पटते. म्हणून आज नुसता वाद घालण्यापेक्षा शेजारच्याच एका देशाची हकीकत पाहू. तो देश श्रीलंका.

ही हकीकत बरीचशी शेतातच सुरू होते. २०२१ च्या मे महिन्यात तेथील सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात एकाएकी बंद केली. सारा देश सेंद्रिय शेती करणार, असे जाहीर झाले. सेंद्रिय शेती वाईट नव्हे; पण वर्षानुवर्षे खतावर पोसलेली जमीन एका हंगामात सवय बदलत नाही, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे? तेथल्या शेतकऱ्यांनी ते ओरडून सांगितले, मोर्चे काढले. नोव्हेंबरात सरकारने बंदी सैल केली. पण हंगाम काही सरकारसाठी थांबत नाही. भाताचे पीक घटले आणि एरवी आपल्यापुरता तांदूळ पिकवणाऱ्या देशाला तो बाहेरून आणावा लागला.

इकडे तिजोरीही रिकामी होत होती. २०१९ च्या अखेरीस सरकारने कर कमी केले होते. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून एकदम ८ वर आणला. पाठोपाठ कोरोना आला, परदेशी प्रवासी येईनासे झाले. डोक्यावर कर्ज मोठे. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने सांगून टाकले, की परदेशी कर्जाचे हप्ते आम्हाला देता येत नाहीत. औषधे मिळेनात, पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, वीज एकेका दिवसात तेरा-तेरा तास जाऊ लागली. शिक्षक मित्रांनो, कोलंबोच्या भागात तर कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या!

मग लोक रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर त्यांनी तंबू ठोकले. सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसले. तेथे त्यांनी वाचनालयसुद्धा चालवले. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी या शांत लोकांवर हल्ला केला. त्याचा भडका उडाला. पुढाऱ्यांची घरे जळाली, एका खासदाराचा जीव गेला, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ९ जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरला. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले आणि परदेशातूनच त्यांनी राजीनामा पाठवला.

आता खरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलची रांग आखूड झाली का? नाही. सप्टेंबरात महागाई वाढण्याचा वेग सुमारे ७० टक्क्यांवर पोचला. विजेचे दर वाढले, कर वाढले. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेही अटी घालून. सावकाराला काही घोषणा ऐकू येत नाहीत. कर्ज घेणारा बदलला तरी वही तीच राहते. बरे, संसदेने निवडलेले नवे राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे जुन्याच राजकारणातले. त्यांनी पदावर येताच लष्कर आणि पोलीस पाठवून आंदोलकांचा तळ उठवला.

मग सारे फुकट गेले म्हणायचे का? तसेही नाही. एवढ्या गोंधळातही लष्कराने सत्ता बळकावली नाही. घटनेप्रमाणे संसदेने राष्ट्राध्यक्ष निवडला. पुढे काही नागरिक कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, देशाच्या या हलाखीला राजपक्षे बंधू आणि काही बडे अधिकारी जबाबदार आहेत, असा निवाडा दिला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान झाले. अनुरा कुमारा दिसानायके निवडून आले. २०१९ च्या निवडणुकीत या गृहस्थांना जेमतेम तीन टक्के मते होती. दोन महिन्यांनी त्यांच्या आघाडीला संसदेच्या २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दिसानायके यांचा पक्ष म्हणजे जनता विमुक्ती पेरमुना. याच पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात हाती शस्त्र घेऊन क्रांती करायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा हजारो माणसे मेली, त्यांत खेड्यापाड्यांतली शिकलेली पोरे किती! हाती काही लागले नाही. जे बंदुकीने दोनदा साधले नाही, ते मतपेटीने साधले.

मंडळी, कणसावर पाखरे बसली तर गोफण लागतेच. हात बांधून बसलेल्याचे पीक पाखरे खातात. पण गोफणीने पेरणी होत नाही. रस्त्यावरचा माणूस चुकीच्या कारभाऱ्याला हाकलू शकतो. पण तिजोरी भरणे, खताची वेळेवर सोय करणे, हिशेब चोख ठेवणे, ही कामे बिनआवाजाची आहेत आणि ती वर्षानुवर्षे करावी लागतात. ती करील असा माणूस निवडणे आणि निवडल्यावर त्याला हिशेब विचारत राहणे, हे आपल्याकडेच उरते.

आणि राज्यकर्त्यांनीही एक ओळखावे. २०२१ मध्ये बंदी येताच शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले असते, तर तो हंगाम तरी वाचला असता. मोर्चा ही आगीची वर्दी असते. वर्दी देणाऱ्यावर रागावून आग विझत नाही.

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात मुलांना एवढेच विचारा : राजा गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचे? उत्तराची घाई करू नका. मुलांना आपसात बोलू द्या.