टायरची अंतर्रचना आणि आपली जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावची रुग्णवाहिका, शाळेची बस आणि पाण्याचा टँकर आपल्या देखरेखीखाली धावतात. त्यांच्या टायरांची खरेदी करताना बहुधा आकार व किंमत एवढेच पाहिले जाते. टायरच्या पोटातील रचना मात्र दृष्टीआड राहते. प्रवाशांची सुरक्षितता पुष्कळ अंशी तिच्यावरच अवलंबून असल्याने तिचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे रबराच्या आत धाग्यांचे थर घालण्यात येऊ लागले. वाहनचालक ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात, त्यात हे थर तिरपे व एकमेकांना छेद देणारे असतात. त्यामुळे त्याच्या बाजू जाड व ताठ होतात आणि खडी, काटे व खाचखळगे यांचा मारा सोसतात. त्याची किंमतही कमी असते. परंतु बाजू दबली की रस्त्याला टेकणारा भागही तिच्याबरोबर हलतो. परिणामी टायर लवकर तापतो व झिजतो.

मिशलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे असतात आणि नक्षीच्या थराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजू लवचिक राहते, तळ रस्त्यावर सपाट टेकतो. त्यामुळे इंधनाची बचत होते, पकड सुधारते व टायर अधिक काळ टिकतो. मात्र अणकुचीदार दगडाने त्याची पातळ बाजू कापली जाण्याचा धोका असतो.

तेव्हा कच्च्या वाटेवर सावकाश ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तिरप्या धाग्यांचा टायर पुरेसा होतो. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या रुग्णवाहिकेला रेडियलच हवा.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. एकाच आसावर दोन प्रकारचे टायर कधीही बसवू नयेत. वळणावर दोन्हींची वागणूक भिन्न असल्याने वाहन ताब्यातून जाऊ शकते. स्टेपनी निवडतानाही हे ध्यानात ठेवावे. दुसरे, रेडियलची बाजू हवा पुरेशी असतानाही फुगीर दिसते. म्हणून नजरेने किंवा लाथ मारून अंदाज न बांधता, टायर थंड असताना मापकाने दाब मोजावा. कमी हवेवर टायर अतिशय तापून फुटू शकतो. तिसरे, बस वा टँकरच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो बदलावाच. ही मर्यादा दाखविणारे उंचवटे खाचांतच असतात.

दरपत्रके मागविताना आकाराबरोबर रचना, भारक्षमता आणि वेगमर्यादाही नमूद करावी. माल ताब्यात घेताना टायरवरील चार अंकी निर्मितीचिन्ह वाचावे. पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. सर्वांत स्वस्त टायर किलोमीटरच्या हिशेबाने स्वस्त ठरेलच असे नाही. त्या वाहनात आपल्याच गावची मुले आणि रुग्ण बसतात, याचे भान खरेदीच्या कागदावर सही करताना असावे, एवढीच विनंती.